पारंपरिक कोण्या गावचा?

सटवाजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण आपल्या गाण्यात आपलं नाव घालायला तो कधी चुकला नाही. शेवटचं कडवं आलं की त्याची खंजिरी थांबायची, मागं धरणारे गप्प व्हायचे, चंद्रभानची बाजापेटी एकाच सुरावर रेंगाळत राहायची, आणि सटवाजी खालच्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं, 'सटवा म्हने' म्हणायचा. त्यांच्या गायन पार्टीचा हा कायदाच होता. नाव ऐकल्याशिवाय टाळी वाजवायची नाही आणि नाव घेतल्याशिवाय गाणं खाली ठेवायचं नाही. दुसऱ्याचं गाणं म्हणायला कुणाची ना नव्हती, पण नाव मात्र ज्याचं त्याचंच घ्यायचं. ते गाळलं तर त्या माणसाच्या ताटातली भाकर उचलली असं समजत.

ही हकीकत खरं तर त्याच्या लेकीची, बायनाची आहे. पण बापाचं नाव आधी आलं ते बरंच झालं. एवढ्या एका ठिकाणी तरी ते आधी यावं.

परभणी जिल्ह्यात, वालूरच्या अलीकडं त्यांचं गाव. गावाबाहेर बुद्धवाडा, आणि त्यात सटवाजी, सरजाबाई आणि ही एकुलती एक पोर. सटवाजी लोकांच्या रानात कामाला जायचा आणि जयंतीच्या महिन्यात गावोगाव गायला जायचा. धर्म बदलला तेव्हा वाड्यातल्या कितीतरी जणांनी जुनी देवादिकांची नावं टाकून दिली. सटवाईच्या नावावरून ठेवलेलं हे नाव तूही टाक म्हणून सटवाजीलाही पुष्कळांनी सांगून पाहिलं. तो म्हणायचा, "सटवाईला मी कवाच सोडलं. पर माजी माय मरताना ह्याच नावानं हाक मारून गेली. ते कसं टाकू?" मग लोकांनी नाद सोडला.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला हा शब्द लोक उगीच कुठंही वापरतात. इथं घरं पेटली. बुद्धवाड्यातली एक ओळ, सटवाजीच्या घरासकट, बघता बघता राख झाली. बायना तेव्हा शाळकरी पोर होती. गावच्या शाळेच्या पडवीत त्यांनी तो पावसाळा काढला. पुढं कापूस वेचणीला सटवाजी त्याच लोकांच्या रानात गेला, ज्यांतले काही त्या जमावात होते. दुसरं रान होतं कुठं? आजही हे सांगताना अंगाचा तिळपापड होतो, पण सटवाजी कुणाशी भांडला नाही. त्यानं पडवीत बसून एक गाणं केलं.

*भाकर नगं, तुकडा नगं, नगं आमाला गाव रं,*
*एकच मागतो, पाटीवरती लिवा भीमाचं नाव रं!*

पाटी म्हणजे विद्यापीठाच्या दारावरची. हे गाणं पार्टीनं सेलूपासून जिंतूरपर्यंत नेलं. राखेचं कडवं आलं की बाया पदर तोंडाला लावायच्या. बायना बापाच्या शेजारी उभं राहून वरचा सूर धरायची. तिचा आवाज असा होता की माईक बंद पडला तरी कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

बारावी झाल्यावर शाळेच्या मास्तरांनी सटवाजीला बोलावून सांगितलं, पोरीला परभणीला कॉलेजात घाला, तिथं बी.ए.ला संगीत घेता येतं, पदवी औरंगाबादच्या विद्यापीठाची मिळते. सरजाबाईला हसावं की रडावं कळेना. "गानं शिकायला कालेज? मंग चालायला शिकवायचं बी आसंल कुटंतरी!" सटवाजीनं मात्र लगेच हो म्हटलं. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी घर जळालं, त्याच्याच कागदावर आपल्या पोरीचं नाव येणार, हे त्याला आतून कुठंतरी फार मोठं वाटलं असणार.

सेलूच्या स्टेशनावर गाडी येईपर्यंत तो बाकावर बसून बोटांनी ताल धरत राहिला. गाडी दिसली तेव्हा म्हणाला, "नावाचं कडवं बदललंय. आइक." आणि त्या गर्दीत, टोपलीवाल्या बायांच्या मधोमध, त्यानं हळूच म्हणून दाखवलं.

*सटवा म्हने, पाटीवाचून आलो, पाटीवाचून जाईन रं,*
*लेक शिकली तर तिच्या तोंडी मागं मी ऱ्हाईन रं.*

ही पाटी शाळेतली, धुळाक्षरांची. बायना गाडीत बसली आणि पार परभणीपर्यंत डोळे पुसत गेली.

कॉलेजात तिचे पहिले महिने फजितीचे गेले. रंगनाथ सर गाणं शिकवायचे. पूर्वी रेडिओवर काम केलेला माणूस, तोंडानं तिखट, मनानं चांगला. बायनानं पहिल्या दिवशी तोंड उघडलं तसे ते दोन पावलं मागं सरकले. "बाई, हा माईक आहे. पलीकडच्या गावाला हाक मारायची नाहीये. त्याच्या कानात सांगायचंय." वर्गात हशा पिकला. बायनाही हसली. पण ती हट्टाला पेटली आणि माईकच्या कानात सांगायला शिकली. श्वास कुठं चोरायचा, 'प' आणि 'फ' म्हणताना मान किती वळवायची, सूर वर नेताना माईकपासून कसं लांब व्हायचं, सगळं शिकली. खर्जात मात्र तिचा आवाज पातळ पडायचा. खाली गेलं की सूर सुटायचा. सर म्हणायचे, "तुझं राज्य वरचं. खाली जाऊच नकोस."

सरांनी कुठून तरी एक जुना, मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर मिळवला होता. गाणं भरायचं कसं आणि भरलेलं कापायचं कसं, हे ते शिकवायचे. ज्या जागी कापायचं ती जागा सापडेपर्यंत दोन्ही चकत्या हातानं मागंपुढं हलवायच्या. तसं केलं की माणसाचा आवाज रेड्यासारखा हंबरतो. जागा सापडली की मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, दाढीच्या पात्यानं फीत तिरपी कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. बाकीच्या मुलांचे जोड ऐकू यायचे. बायनाचा जोड कुणाला सापडायचा नाही. सर तिला वर्गासमोर उभं करून म्हणायचे, हिच्याकडून शिका.

एकदा सरांनी प्रत्येकाला आपापल्या गावचं गाणं म्हणायला लावलं. बायनानं बापाचं गाणं म्हटलं. राखेच्या कडव्याला वर्ग चिडीचूप झाला. मग तिनं शेवटचं कडवं धरलं आणि 'सटवा' या शब्दाशी मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. एका पोरीनं दुसरीच्या कानात म्हटलेलं तिला स्पष्ट ऐकू आलं, "सटवी ऐकली होती, हा सटवा कोण गं?" त्या दोघी हसत होत्या. त्यांच्या लेखी ती गंमत होती. बायनाचा खालचा सूर आधीच पातळ, तो तिथं पार सुटला. कडवं तिनं कसंबसं संपवलं.

वर्ष पालटलं. नांदेडचा एक कॅसेटवाला जयंतीसाठी नवी कॅसेट काढत होता. तो सरांकडं आला, सरांनी बायनाकडून भरून घेतलेलं ते बापाचं गाणं त्यानं ऐकलं आणि तिथंच पसंत केलं. अडचण एकच होती, गाणं लांब होतं, कॅसेटच्या त्या बाजूला तेवढी जागा नव्हती. एक कडवं काढावं लागणार होतं. सरांनी पातं तिच्या हातात दिलं. "कुठलं काढायचं ते तू ठरव. गाणं तुझं आहे."

गाणं माझं नाही, माझ्या बापाचं आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. तिनं पातं घेतलं आणि चकत्यांसमोर बसली.

राखेचं कडवं काढता येईना. त्याच्या आधीचं काढलं तर राखेला अर्थ राहत नव्हता. आणि शेवटचं काढलं, तर गाणं अगदी वरच्या सुरावर संपत होतं. तिचं राज्य होतं तिथं. कानाला विचाराल तर ते बरोबरच होतं. गाणं त्यानं सुंदर झालं हेही खरं, आणि खरं आहे म्हणूनच त्याचं काही करता येत नाही. तिनं चकत्या हातानं मागंपुढं फिरवल्या. तिच्याच आवाजातलं तिच्या बापाचं नाव हंबरलं, मागं गेलं, पुन्हा हंबरलं. तिनं पिवळी खूण केली आणि कापलं. फितीचा तुकडा टेबलावरून घरंगळून खाली पडला.

निघताना कॅसेटवाल्यानं विचारलं, "गीत कोणाचं टाकू?" बायना खाली बघत म्हणाली, "आमच्या वाड्यात म्हनत्यात." तो मान हलवून गेला.

जयंतीच्या आधी बायना कॅसेट घेऊन गावाकडं आली. चंद्रभानच्या पोरानं घेतलेला टेप अंगणात मांडला. सगळा वाडा जमला. सटवाजी धुतलेलं धोतर नेसून, खंजिरी मांडीवर घेऊन पुढं बसला. लेकीचा आवाज टेपमधून निघाला तशी सरजाबाईनं दोन्ही हातांनी तिच्या तोंडावरून बोटं मोडली. सटवाजी खंजिरी वाजवत नव्हता, नुसता बोटं फिरवत होता. राखेचं कडवं झालं, सूर वर गेला, वर जाऊन थांबला. सटवाजीनं नेहमीसारखा हात वर केला. मागं धरणारे सवयीनं गप्प झाले. सगळे नावाची वाट बघत होते.

टेपमधून नुसती खरखर आली आणि मग दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं सुरू झालं.

"आटकला वाटतं," सटवाजी म्हणाला. चंद्रभाननं बटणं दाबून गाणं मागं घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. सटवाजीचा हात तसाच वर होता. बायनाला बापाकडं बघवेना. ती म्हणाली, "आटकला न्हाई, बा. तितंच संपिवलंय."

सटवाजीनं हात खाली घेतला. चंद्रभान चौथीपर्यंत शिकलेला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं कॅसेटवरचा कागद उन्हात धरला आणि मोठ्यानं वाचला. "गायिका, बायना सटवाजी. गीत, पारंपरिक."

"पारंपरिक कोन?" सटवाजीनं विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. चंद्रभान कागद उलटासुलटा करत म्हणाला, "नांदेडाकडला कुनी कवी आसंल."

"कोन्या गावचा? आन माज्या गान्यावर त्याचं नाव कामून?" सटवाजी रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "बायने, तू तर शिकलीस. तुला ठावं आसंल. हा पारंपरिक कोन्या गावचा?"

बायना म्हणाली, "तसा कुनी मानूस न्हाई, बा. जुनं आसतंय, कुनी केलं ते ठावं नसतंय, त्याला तसं म्हनत्यात."

सटवाजीनं खंजिरीच्या चकत्या अंगठ्यानं एकेक करून फिरवल्या. मग म्हणाला, "मी तर जिता हाय की."

एवढंच. पुढं तो तिला ओरडला नाही, दुसऱ्या दिवशी तिच्याशी अबोलाही धरला नाही. उलट "आवाज लय चांगला गेला, लेकी," म्हणाला. जेवताना मात्र विचारलं, कापलेल्या फितीचं काय झालं. बायनानं सांगितलं, केरात गेली. "केवडी होती?" तिनं हात पसरून दाखवलं, असे दोन वाव असतील. तो म्हणाला, "दोन वाव. आडाच्या दोराला बी पुरत न्हाई." आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. त्या दिवशी बायनाला जेवण गेलं नाही. त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

परभणीला परतल्यावर तिनं वर्गाचे कोपरे धुंडाळले, झाडणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, केर जाळतो आम्ही. सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, मला सांगायचंस ना!" ते तिला घेऊन नांदेडला गेले. कॅसेटवाला भला माणूस होता, हळहळला. पण तो म्हणाला, गाणं गावोगाव गेलंय, लग्नात वाजतंय, लोकांना असंच पाठ झालंय. पुढच्या खेपेला कागदावर नाव टाकतो. पुढच्या खेपेला त्यानं टाकलंही. पण तोवर दुसऱ्या लोकांनी कॅसेटवरून कॅसेटी भरल्या होत्या, आणि त्यांवर कागदच नव्हता.

गावात मात्र त्या शब्दानं मुक्काम केला. चावडीशी, पारावर लोक सटवाजीला 'पारंपरिक' म्हणू लागले. "काय पारंपरिक, जेवलाव का?" चिडवणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. सटवाजीही हसून ओ द्यायचा. हळूहळू वाड्यातली लेकरंसुद्धा 'पारंपरिक आबा' म्हणायला लागली. त्याच्या आईनं मरताना हाक मारलेलं नाव, जे त्यानं धर्म बदलला तरी सोडलं नव्हतं, ते असं हसतखेळत त्याच्या अंगावरून उतरलं. बायना सुट्टीला आली की प्रत्येक हाकेला बापाच्या तोंडाकडं बघायची. तिथं मात्र तिला कधी काही दिसलं नाही.

बायना पदवी घेऊन जिंतूरला शाळेत गाणं शिकवायला लागली. सटवाजीला दम्यानं धरलं आणि पार्टी सुटली. एका दुपारी ती त्याच्या उशाशी बसली होती, तेव्हा तो आपणहून म्हणाला, "तू गानं वर सोडलंस ते बरुबर हाय. मला बी कळायचं, नाव घ्यायला खाली आलो की लोक चप्पल शोधायला लागत्यात." थोडा दम खाऊन त्यानं विचारलं, "पर मंग नाव घालावं कुटं? तुमच्या शिक्षनात काय सांगत्यात?"

बायनाच्या शिक्षणात ते नव्हतं. त्याच थंडीत सटवाजी गेला.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला नाव लागलं. परभणीत मोठा कार्यक्रम ठरला. बायनाला गायला बोलावलं. वाड्यातले सगळे टेम्पोनं आले, सरजाबाईला चंद्रभाननं पुढं बसवलं. केवढी गर्दी, केवढा आनंद! ज्यांची घरं जळाली होती ती माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. निवेदक म्हणाला, "आता आपल्या सर्वांच्या ओठांवरचं एक पारंपरिक गीत."

बायनानं माईक जवळ घेतला आणि म्हणाली, "हे गाणं माझ्या वडलांचं आहे. त्यांचं नाव..." पण तोवर पेटीवाल्यानं सूर दिला होता आणि मैदानानं पहिली ओळ उचलली होती. तिला गावं लागलंच नाही. हजारो माणसं कॅसेटमधल्या तिच्या गाण्यासारखं गात होती, तिनं चोरलेले श्वास चोरत होती. राखेचं कडवं झालं. सूर वर गेला, आणि जिथं तिचं पातं फिरलं होतं नेमक्या तिथं मैदान थांबलं. टाळ्या कडाडल्या, जयभीमचा गजर झाला, फटाक्यांची माळ लागली. त्या दणक्यात बायना डोळे मिटून, खालच्या आवाजात, नावाचं कडवं म्हणत राहिली. तिचा खर्ज आता वयानं भरला होता, कुठं पातळ पडला नाही. ते कळायला सटवाजी नव्हता. निवेदकानं हसत हसत तिच्या हातातून माईक घेतला.

परतताना टेम्पोत वाटेतल्या गावांतल्या बायाही चढल्या. सगळ्या त्याच गाण्यात दंग. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सरजाबाई लेकीच्या कानाशी येऊन म्हणाली, "त्यांचं कडवं म्हनलीस का गं? मला आइकू आलं न्हाई."

"म्हनले, माय."

"मंग आता म्हन. मला आइकायचंय."

गाणं वर जाऊन थांबलं तशी बायनानं नावाचं कडवं धरलं. 'सटवा म्हने' म्हणताना तिच्या गळ्यातून बापाचा आवाज निघाला. पाटीवाचून आलो, पाटीवाचून जाईन. बाया गप्प झाल्या. तिचं झाल्यावर समोर बसलेली एक परगावची बाई समजुतीनं म्हणाली, "ताई, गळा गोड हाय तुजा. पर हे कडवं त्याच्यात न्हाई. लय जुनं गानं हाय ते. त्यात आपल्या मनचं घालू नये."

सरजाबाईनं बायनाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्या बाईला म्हणाली, "मनचं न्हाई, माय. आमच्या पारंपरिकाचंच हाय ते."

बाईला काही उमजलं नाही. तिनं मान डोलावली, आणि टेम्पोतल्या बायांनी गाणं पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं.